लिहून देणार हयात आहेत

फोन वाजला तेव्हा पावणेसात झाले होते आणि ताई उभ्याउभ्या चहा पीत फाइल तपासत होती. फाइल तपासायची ही चौथी खेप. साडेअकराला नोंदणी कार्यालयात हजर व्हायचं होतं. आईवडिलांमागे तिच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आलेलं घर आज विकलं जाणार होतं. भाऊ परदेशात, विमानाने नऊ तासांवर. म्हणून त्याने आपल्या वतीने सह्या करायचं मुखत्यारपत्र ताईच्या नावे करून पाठवलं होतं. आज तिला प्रत्येक पानावर दोनदा सही करायची होती, एक स्वतःची आणि एक त्याच्यासाठी.

फोनवर भावजय होती. "ताई," एवढं म्हणून ती थांबली. मागे कुणीतरी परक्या भाषेत बोलत होतं. "ताई, हे गेले."

"कुठे गेला?" ताईने विचारलं, आणि खरंच विचारलं. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, वेळी-अवेळी बोलावणं आलं की निघायचा.

"झोपेतच. उठवायला गेले तर..." 

घरात त्याला भुंगा म्हणत. लहानपणी तोंड मिटून सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून पडलेलं नाव त्रेचाळिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. परवाच्या फोनवर तो ताईला म्हणाला होता, "तू आहेस म्हणून होतंय गं. माझ्याच्याने दहा वर्षांत झालं नसतं." ताई त्यावर फिसकारली होती, "गोड बोलून कामं काढून घ्यायची सवय जायची नाही तुझी." बस, शेवटचं बोलणं ते एवढंच.

ताईने कप ओट्यावर ठेवला. तो कलंडला आणि उरलेला चहा फाइलच्या दिशेने निघाला. तिने फाइल उचलून छातीशी धरली.

"ताई, ऐकताय ना? आज घराचं आहे ना?"

"अगं, आता कसलं घराचं!"

"नाही ताई, ऐका माझं. करून टाका. इतक्यात कुणाला सांगू नका. कालसुद्धा म्हणत होते, उद्या एकदाचा सुटलो. आज राहिलं तर सगळंच अडकेल. वारसाचे दाखले, कागद, मी इथे एकटी, पोरीची परीक्षा... तुम्हाला फक्त सही करायचीय. संध्याकाळी सांगू सगळ्यांना. काही तासांचा तर प्रश्न आहे."

ताई हो म्हणाली की नाही, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढं आठवलं, की फोन ठेवल्यावर ती ओटा पुसत राहिली, कोरडा झाला तरी पुसत राहिली. मग कपडे बदलले, केस विंचरले, नऊ वाजता आपल्या राहत्या घराला कुलूप लावलं. पुन्हा उघडून गॅस बघितला. पुन्हा लावलं. तिचं चष्म्यांचं दुकान कार्यालयाच्या वाटेवरच होतं. शटरसमोर ती मिनिटभर थांबली, आत जाऊन काय करायचं ते कळेना, आणि पुढे चालू लागली.

वकीलबाईंनी महिन्याभरापूर्वीच सगळं समजावून सांगितलं होतं. कागदावर बोट आपटून त्या म्हणाल्या होत्या, "ताई, मुखत्यारपत्राची किंमत माणूस आहे तोवर. माणूस गेला की त्याच क्षणी हा कागद रद्दी." तेव्हा ताईने मान डोलावली होती. असल्या गोष्टी वकील सांगतातच, आपण मान डोलावतो.

म्हणजे तिला माहीत नव्हतं असं नाही. हे तिने पुढे स्वतःपासून कधी लपवलं नाही.

नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, वर आल्यावर लांबट बोळ, बोळात दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. कुणी घर घेतंय, कुणी विकतंय, कुणी बहिणीच्या नावावरचं आपल्या नावावर करून घेतंय; चेहरे मात्र सगळ्यांचे दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. ताईचा नंबर होता तेवीस. आत चालू होता सहा.

ती बसली, उठली. पाणी प्यायला गेली, पेला भरला, न पिता ठेवला. जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं, तर फाटकासमोर सामानाने भरलेला ट्रक उभा. वर बांधलेली तीन शिलाई मशीनं उलटी, पाय वर केलेली.

घर घेणारी जोडी तिच्या ओळखीची झाली होती. नवरा गाडी चालवायला शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. बायको शिवणकाम करायची. दोघं धापा टाकत वर आले.

"ताई, तुम्ही आधीच हजर!" मास्तर म्हणाला. "आम्ही म्हटलं, सामान भरूनच निघू. जुन्या जागेचा मालक सकाळी सातलाच दारात. नव्या भाडेकरूच्या खाटा अंगणात आणून टाकल्यात त्याने. आम्ही बाहेर पडायची वाट बघत होता नुसती."

"म्हणजे परत जायला जागा नाही," शिंपीणबाई हसत म्हणाल्या. "आता तुम्ही नाही म्हणालात तर ट्रकमध्येच संसार."

ताईही हसली. आपल्याला हसता येतंय याची तिला भीती वाटली.

शिंपीणबाई तिच्या शेजारी बसल्या आणि पडद्यांचं बोलू लागल्या. पुढच्या खोलीला दोन पदरी लावावेत की एकच? दुपारी ऊन येतं का? खिडकीची रुंदी किती असेल? "साडेचार फूट," ताई म्हणाली. "वरची दांडी जरा डावीकडे झुकलीय, ती सरळ करून घ्या." एकेका प्रश्नाला ती नीट उत्तर देत होती. जणू दोन ताया होत्या: एक बाकावर बसून खिडकीची मापं सांगत होती, दुसरी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती. पर्समधला फोन थरथरला. भावजयीचा निरोप: झालं का?

ताईने फोन उलटा ठेवला.

साडेअकराला आतून कुणीतरी ओरडलं, "सर्व्हर बसलाय! कुणी गर्दी करू नका!" बोळातून एक सामुदायिक सुस्कारा निघाला. "सर्व्हर बसला, आम्ही उभे," एक म्हातारा म्हणाला आणि चार माणसं हसली. तेवढ्यात वकीलबाई आल्या. गोल चेहऱ्याच्या, घाईच्या, एका हातात शिक्क्याचा डबा, दुसऱ्या हातात तीन पक्षकारांच्या फाइली. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. एरवी ताईने तो काढून घेऊन दांड्या वाकवून दिल्या असत्या. आज तिचे हात मांडीवरच राहिले.

"चला, सर्व्हर उठेपर्यंत सह्या उरकू. मी खुणा चिकटवल्यात. पिवळी खूण तुमची, हिरवी भावासाठी. हिरव्याला त्याचं नाव, खाली 'करिता' आणि मग तुमची सही."

खिडकीच्या कट्ट्यावर फाइल ठेवून ताई सह्या करू लागली. पिवळी, हिरवी. पिवळी, हिरवी. भावाचं नाव पंधरा वेळा लिहून झालं. सोळाव्यांदा एक सुटं पान आलं. वर मथळा 'घोषणापत्र', खाली पाच-सहा ओळी. तिने वाचलं: 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर मुखत्यारपत्र लिहून देणार हे आजमितीस हयात आहेत व त्यांनी सदर मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही.'

"वाचत काय बसलात? ठरलेला मजकूर आहे तो," वकीलबाई म्हणाल्या. "प्रत्येक मुखत्यारपत्राला जोडावा लागतो."

"नाही, सहज."

"करा लवकर."

ताईने सही केली. नेहमी घाईत शेवटचं अक्षर तुटायचं तिचं. या वेळी सही स्वच्छ, सुरेख आली. ती त्या सहीकडे बघत राहिली तोवर वकीलबाईंनी पान उलटलंसुद्धा.

त्यानंतरचा पाऊण तास कसा गेला हे तिला सांगता येणार नाही. तिने बोळाला सात फेऱ्या मारल्या. मास्तर म्हणाला, "ताई, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त घाई दिसतेय," आणि शिंपीणबाईंनी त्याला कोपर मारलं. माहेरचं घर सोडताना कुणाला चैन पडतं का, अशा अर्थाने. त्यांनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून ताईपुढे धरला. ताईने एक बिस्कीट घेतलं आणि ते मुठीत तसंच राहिलं.

"तेवीस!"

आतली खोली लहान. एक टेबल, एक पडदा, अंगठ्याचं यंत्र, दांडीवर बसवलेला कॅमेरा. टेबलामागे अधिकारी, पन्नाशीचे, सकाळपासून तेच तेच विचारून आवाज सपाट झालेला. पानं उलटत ते बोलत होते, मान वर न करता.

"घेणार कोण? तुम्ही दोघं. ठीक. देणार? तुम्ही स्वतः, आणि भावाकरिता मुखत्यार म्हणून तुम्हीच. व्यवहार समजून उमजून करताय? कुणाचा दबाव नाही?"

"नाही," ताई म्हणाली.

"मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही?"

"नाही."

"लिहून देणार हयात आहेत ना?"

दिवसाला पन्नास वेळा विचारायचा प्रश्न. उत्तर येईपर्यंत त्यांनी शिक्का शाईत दाबलाही होता. उत्तर आलं नाही. त्यांनी मान वर केली.

मुठीतल्या बिस्किटाचा भुगा ताईला बोटांत जाणवला. हाताने खोटं लिहून झालं होतं. पण हेच आता तोंडाने म्हणायचं होतं. भुंगा आहे, तिकडे आहे, बरा आहे. ते शब्द तिने तोंडात आणून बघितले. येईनात.

"ताई?" वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?"

"माझा भाऊ गेला. आज सकाळी." आणि मग, जणू नीट माहिती द्यायलाच हवी म्हणून, "झोपेत."

 अंगठ्याच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मास्तरचा अंगठा त्यावर टेकवलेला होता, तो त्याने चटका बसल्यासारखा उचलला.

वकीलबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी फाइल पुढे ओढली, ते सुटं पान शोधून काढलं, ताईची सही बघितली आणि डोळे मिटून घेतले. या व्यवहारात ओळख पटवून देणाऱ्याच्या जागी त्यांचीही सही होती.

अधिकाऱ्यांनी शिक्का झाकणावर आडवा ठेवला. आवाज आता सपाट नव्हता. "दस्त अजून दाखल झालेला नाही, बाई. फाइल मी परत करतो. त्यात काय आहे, काय नाही, ते मला बघायचं नाही." आणि जरा थांबून, "कुणी आहे का बरोबर? एकट्या जाऊ नका घरी."

बोळात आल्यावर वकीलबाईंनी ते पान चार तुकडे करून पर्समध्ये कोंबलं. "माझी सनद गेली असती ताई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "सनद! आणि तुम्ही कुठे गेला असतात ते मी सांगत नाही. एक शब्द बोलायचा होतात मला. सकाळी, दहाला, अकराला, कधीही." रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं. मग त्यांनी ताईकडे बघितलं, आणि उरलेला राग तिच्यावर काढायचा की कुणावर, हे त्यांनाच कळेनासं झालं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, डोकं हातांत धरून. शिंपीणबाई मात्र सरळ ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पावणेसातला."

"आणि तुम्ही माझ्याशी पडद्यांचं बोलत होता?"

"हो."

 "आम्ही खोट्या कागदावर घर घेतलं असतं," शिंपीणबाई म्हणाल्या. "उद्या कुणी उठून म्हणालं असतं, मेलेल्या माणसाने विकलं कसं? आम्ही काय केलं असतं ताई?"

 सकाळपासून ताईने भुंग्याचा विचार केला होता, भावजयीचा केला होता, स्वतःचा केला होता. समोरच्या या दोघांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. ते तिला आत्ता, बोळाच्या मधोमध, एकदम लख्ख दिसलं आणि ती होती तिथेच खाली बसू लागली. शिंपीणबाईंनी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं. मायेने नव्हे, पडणाऱ्या माणसाला कुणीही धरतं तसं.

तिथे बसून ताई रडली. बाकावरच्या म्हाताऱ्याने आपली फाइल उचलून तिला जागा करून दिली. रडणं आवरल्यावर तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"घर रिकामं आहे. सामान आत लावा."

"ताई, थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "अर्धा हक्क तुमचा, कबूल. पण उरलेला अर्धा आता तुमच्या भावजयीचा आणि भाचीचा. त्यांना विचारल्याशिवाय असा ताबा देऊ नका. उद्या भांडण झालं तर निस्तरता नाकी नऊ येतील."

"ट्रक खाली उभा आहे," ताई म्हणाली. "यांनी जायचं कुठे?"

वकीलबाईंनी मान हलवली, आणि मग बाकावर फाइल ठेवून एक पान लिहायला घेतलं: खरेदी पुरी होईपर्यंत तात्पुरतं राहायला दिलं आहे, मालकी कुणाचीही बदललेली नाही, वगैरे. त्या लिहीत होत्या तोवर ताईने भावजयीला फोन लावला.

"झालं?" पलीकडून लगेच आलं.

"नाही झालं. मी सांगून टाकलं."

 मग भावजय म्हणाली, "एवढंसुद्धा केलं नाहीत माझं," आणि फोन बंद झाला.

भुंग्याला अखेरचा निरोप तिकडेच दिला गेला. ताईला जायला व्हिसा वेळेत मिळाला नाही. तिने फोनच्या पडद्यावर बघितलं. चित्र सारखं अडकत होतं आणि भाचीची पाठ तेवढी दिसत होती. पुढचे कित्येक आठवडे भावजयीने फोन उचलला नाही. कामाचे निरोप वकीलबाईंमार्फत यायचे: मृत्यूचा दाखला पाठवलाय, त्यावर तिकडच्या वकिलातीचा शिक्का हवा, शिक्का आलाय पण नावातलं एक अक्षर चुकलंय, परत पाठवा. एकेका कागदाला महिना. ताई दुकानात लोकांचे नंबर तपासायची. मोठी अक्षरं दिसतात का, आता लहान, आता त्याहून लहान. आणि मध्येच उठून रस्त्यावर जाऊन उभी राहायची. गिऱ्हाइकं खुर्चीत वाट बघत बसायची. रात्री तिला वाटायचं, सही केली होतीच, एक हो म्हणायला काय झालं होतं? सकाळी वाटायचं, बरं झालं. दुपारपर्यंत पुन्हा तेच.

नऊ महिन्यांनी भावजय आली, भाचीला घेऊन. स्टेशनवर ताई पुढे झाली तर तिने वाकून नमस्कार केला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बोळात, त्याच बाकांवर सगळे बसले. या खेपेला नंबर होता अकरा. भाची, सतरा वर्षांची, मध्ये बसली होती आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी ती पाणी प्यायला म्हणून उठली.

"त्या दिवशी मी तुम्हाला काय करायला सांगत होते, ते मला कळत नव्हतं असं नाही," भावजय समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "वकीलबाईंनी नंतर समजावलंही. पण मला वाटलं होतं, निदान एक काम त्यांच्या नावाने पुरं होईल. काही म्हणजे काहीच पुरं झालं नव्हतं त्यांचं, ताई. पोरीची सायकलसुद्धा अर्धी उघडून ठेवली होती."

"सही केली होती मी," ताई म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "तो हयात आहे, अशी. कागदावर केली. पण तोंडाने म्हणता येईना."

भावजयीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.  भाची परत आली तेव्हा भावजय सरकून ताईच्या शेजारी आली होती आणि भाचीला कडेला बसावं लागलं.

आत तेच अधिकारी होते. त्यांनी ताईला ओळखलं. तसं दाखवलं मात्र नाही. देणार तिघी: ताई, मयताची पत्नी, मयताची मुलगी. अंगठे, फोटो, सह्या. भाचीच्या वयामुळे एक जादा हुकूम जोडावा लागला, तो वकीलबाईंनी आधीच आणून ठेवला होता. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. ज्यासाठी नऊ महिने जीव टांगणीला लागला होता ते वीस मिनिटांत आटोपलेलं बघून ताईला हायसं वाटायला हवं होतं. तिला नुसतं हलकं वाटलं, आजारातून उठलेल्याला वाटतं तसं, चालताना तोल जाईल असं.

मास्तर म्हणाला, "घरी चला सगळे. दहा मिनिटं."

घर ओळखू येईना. मधली भिंत काढून पुढची आणि आतली खोली एक केली होती. शिलाई मशीनं एका ओळीत, मध्ये कापडाचे गठ्ठे. नऊ महिन्यांत त्यांनी घर आपलं करून टाकलं होतं, कागदाची वाट न बघता. भावजय या घरात दोनदाच आली होती, लग्नानंतर लगेच. ती दारातच घुटमळली.

"यांची खोली कुठली होती?"

ताई पुढे झाली. भिंत नव्हती, दार नव्हतं. ती अंदाजाने पावलं टाकत राहिली. "इथून," ती म्हणाली, मग दोन पावलं मागे आली. "नाही, इथून. आणि तिकडे त्या मशीनपर्यंत साधारण. डोकं या बाजूला करून झोपायचा. भिंतीला पाय लावून."

"अजूनही तसंच झोपायचे," भावजय म्हणाली.

भाचीने बूट काढले. ती त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली, चहूकडे बघत. शिंपीणबाईंनी पंखा लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.